जुन्या कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बदलावी की दुरुस्त करावी? आणि मागचा फिल्टर कशाचा बसवावा?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वडिलांनी १९८८ साली दारावर आलेल्या विक्रेत्याकडून घेतलेला, पत्र्याच्या अंगाचा आणि चाकांवर ओढत नेण्याचा एक जुना कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर आमच्या घरी आहे. त्याच्या पाटीवर २३० व्होल्ट आणि ७०० वॉट असे लिहिलेले आहे. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला तो माळ्यावरून खाली येतो, गाद्या, पंख्यांची पाती आणि पुस्तकांची कपाटे उरकतो आणि परत माळ्यावर जातो. यंदा मात्र सुरू केल्याबरोबर जळका वास आला, मागच्या जाळीतून भिंतीवर काळी पूड उडाली आणि पूर्वी कधी नव्हता असा किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला, म्हणून मी तो लगेच बंद केला. बंद करताना पत्र्याला हात लागला तेव्हा किंचित झिणझिण्याही आल्या, परंतु वडिलांच्या मते त्या पहिल्या दिवसापासून येतात.

मागचे झाकण उघडून पाहिले, तर हवा बाहेर पडण्याच्या वाटेवरचा फोम पाघळलेल्या गुळासारखा झालेला होता आणि बोट लावताच त्याचा चिकट चुरा होत होता. धुळीची पिशवी आणि मोटर यांच्यामध्येही असाच एक पातळ फोम असावा, कारण तिथे आता नुसती प्लॅस्टिकची चौकट उरली आहे. या मॉडेलचे मूळ सुटे भाग मिळत नाहीत. जवळच्या दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच नवे घ्यायला सांगितले. ऑनलाइन शोधले असता सर्व यंत्रांना बसते असे म्हणून विकली जाणारी १४०० वॉटची एक मोटर दिसते आहे.

ती मोटर घ्यावी, की आहे तीच दुरुस्त होईल? आणि आईला दम्याचा त्रास असल्यामुळे, यंत्र उघडलेच आहे तर मागे हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर बसवून घ्यावा असा विचार आहे. तसे करणे योग्य होईल का?

सातपूरचा वाइंडर

नवी मोटर मागवण्याआधी जुनी उघडून पाहा. जळका वास आला म्हणजे मोटर जळली, असे नसते. आपण केलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय कार्बनवर आहे आणि दुसरा बेअरिंगवर. वाइंडिंगचा, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा क्रमांक त्यानंतर लागतो.

या यंत्रातली मोटर आपल्या मिक्सरमध्ये असते त्याच जातीची, म्हणजे युनिव्हर्सल मोटर असते. फील्डची स्थिर गुंडाळी आणि आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, एकाच ओळीत (सिरीजमध्ये) जोडलेले असतात, आणि आर्मेचरच्या टोकावरच्या कम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, दोन कार्बन स्प्रिंगच्या दाबाने घासत राहतात. मिक्सर एका वेळी दोन-तीन मिनिटेच चालतो, तर व्हॅक्यूम क्लीनर अर्धा-अर्धा तास मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेत राहतो, त्यामुळे कार्बन आणि बेअरिंग यांची झीज इथे आधी दिसते. तेव्हा हे यंत्र मिक्सरच्या मोटरी बांधणाऱ्या माणसाकडे न्यावे. तो ते न उघडता परत पाठवणार नाही.

प्लग काढून मोटर बाहेर घ्या आणि पंखा बोटाने हळूच फिरवा. खरखर जाणवली, किंवा दांडा आडवा हलला, तर बेअरिंग गेले आहे आणि किंचाळीचे कारण तेच आहे. मग कार्बन बाहेर काढून मोजा. नवा कार्बन साधारण तीन सेंटिमीटर असतो, आणि तो एक सेंटिमीटरच्या खाली आला की स्प्रिंगचा दाब अपुरा पडून ठिणग्या वाढतात. भिंतीवर उडालेली काळी पूड बहुतेक झिजलेल्या कार्बनची आणि कुजलेल्या फोमची आहे. कम्युटेटरचा रंग एकसारखा चॉकलेटी आणि तकतकीत असेल, तर काळजीचे कारण नाही. एक-दोन पट्ट्यांवरच जळके डाग असतील, तर मात्र तिथल्या वळणांत काहीतरी तुटलेले किंवा एकमेकांना टेकलेले असते. मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध पूर्ण फेरा संपेपर्यंत मोजत जा. तो सर्वत्र सारखा आला, आणि मेगरवर (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरवर) ५०० व्होल्टला वाइंडिंग व दांडा यांच्यात दोन मेगओहमपेक्षा बराच जास्त रोध दिसला, तर आर्मेचर शाबूत आहे असे समजून पुढे चला.

बेअरिंगच्या अंगावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. अशा मोटरींत बहुधा ६०८ निघतो, म्हणजे आतून ८ मिलिमीटर, बाहेरून २२ आणि जाडीला ७. हेच माप स्केटबोर्डच्या चाकांत असते, म्हणून ते बाजारात अत्यंत स्वस्तही मिळते, पण ती स्वस्ताई इथे उपयोगाची नाही. पत्र्याच्या झाकणाचे, सी-३ सैलपणाचे (म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असलेले), नावाजलेल्या कंपनीचे बेअरिंग घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळेल. रबरी सीलचे बेअरिंग या वेगाला घासून तापते. जुने काढताना पुलर वापरा, आणि नवे बसवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्या. बाहेरच्या कड्यावर हातोडी बसली, तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करू लागते. पंख्याचा नट सोडवण्याआधी आट्यांची दिशा नीट पाहून घ्या, कारण काही मोटरींत त्या उलट्या असतात आणि जोर लावून दांडा मोडलेले लोक माझ्याकडे येतात.

फोमचा चिकट चुरा काढण्यासाठी पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, त्याने वाइंडिंगवरचा वार्निश सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला मऊ ब्रश पुरतो. कम्युटेटर घासायचा असेल तर बारीक काचपेपर घ्या. एमरी कागद नको, कारण त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांच्या फटींत अडकतात.

सगळे जोडल्यावर पहिली सुरुवात २०० वॉटचा पिवळा दिवा सिरीजमध्ये लावून करा. कुठे शॉर्ट राहिला असेल, तर दिवा पूर्ण तेजाने पेटेल आणि मोटर वाचेल. नवे कार्बनही कम्युटेटरच्या गोलाईवर बसेपर्यंत वीस मिनिटे अशाच कमी व्होल्टवर फिरू द्या. एक ताकीद मात्र देतो. पंखा काढलेली मोटर थेट २३० व्होल्टवर कधीही लावू नका. सिरीज जोडणीच्या मोटरीला भार नसला की तिचा वेग आवाक्याबाहेर वाढत जातो, आणि कम्युटेटरच्या पट्ट्या उखडून बाहेर येऊ शकतात.

ठाणेकर

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, पण सर्वांना जवळ वाइंडर मिळत नाही, आणि आर्मेचर खरोखरच जळले असेल तर ते पुन्हा बांधून, वर त्याचा तोल साधून घेण्यापेक्षा नवी मोटर स्वस्त पडते. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः जुन्या यंत्रात नवी मोटर बसवली, आणि तेव्हा केलेली चूक इथे सांगतो.

मी केवळ व्यास जुळवला. मोटरची एकूण उंची आठ मिलिमीटरने कमी होती, त्यामुळे समोरच्या रबरी गॅस्केटवर ती घट्ट बसली नाही, आणि पंख्याने ओढलेली हवा फटीतून परत आत फिरू लागली. मोटर नवी असूनही ओढ जुन्यापेक्षा कमी! जाड निओप्रिनची चकती कापून घातल्यावर तो प्रश्न सुटला. दुसरी चूक वॉटची होती. ७०० वॉटच्या यंत्रात तीन अँपिअर वीज वाहते, तर १४०० वॉटला सहा अँपिअर लागते. जुना स्विच आणि वायर गुंडाळणाऱ्या चरकीचे संपर्क त्यासाठी बनवलेले नव्हते. दहा मिनिटांत स्विचचे बटण बोट ठेवता येणार नाही इतके तापले. शेवटी स्विच, वायर आणि चरकी असे तिन्ही बदलावे लागले.

वॉट म्हणजे ओढ नव्हे, हे मला त्यानंतर समजले. युरोपीय संघाने २०१४ च्या सप्टेंबरपासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॉटची आणि २०१७ च्या सप्टेंबरपासून ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे स्वच्छ होतच आहेत. आपल्याला मोटर बदलावीच लागली, तर ८०० ते १००० वॉटच्या पुढे जाऊ नका. आणि घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: मोटर थ्रू-फ्लो आहे की बायपास? जुन्या कोरड्या कॅनिस्टरमध्ये ओढलेली हवाच मोटरच्या अंगावरून जाऊन तिला थंड करते, म्हणजे ती थ्रू-फ्लो असते. ओल्या-सुक्या यंत्रांच्या बायपास मोटरीला थंडाव्यासाठी वेगळा छोटा पंखा आणि वेगळी हवा लागते. ती आपल्या बंद नळकांड्यात बसली, तरी स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा घेत राहील.

भोसरीची गाळणी

माझा व्यवसाय औद्योगिक हवेच्या फिल्टरांचा आहे, म्हणून हेपाच्या प्रश्नापुरते लिहितो. ठाणेकरांनी शेवटी जे सांगितले, तिथेच त्याचे उत्तर आहे. थ्रू-फ्लो मोटरच्या यंत्रात मागचा फिल्टर हा मोटरच्या थंडाव्याचाही भाग असतो. तो जितका दाट, तितकी हवा कमी आणि मोटर तितकी गरम.

पुष्कळांना वाटते की नळी तुंबली की मोटरवर ताण येतो, म्हणूनच तिचा आवाज चढतो. प्रत्यक्षात उलटे घडते. हवा हलवावी लागत नसल्यामुळे पंख्यावरचा भार कमी होतो, मोटर कमी वीज घेते आणि अधिक वेगाने फिरते. पण थंड करणारी हवाच थांबल्यामुळे वाइंडिंग हळूहळू भाजत जाते. दाट फिल्टर हे कायमचे अर्धवट तुंबणे आहे. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही आणि दोन दिवाळ्यांनंतर आर्मेचर जाते.

आता थोडे आकडे पाहू. अशा यंत्रातून सेकंदाला साधारण ३० लिटर हवा जाते असे धरू. मागच्या जाळीचे क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर असेल, तर तिथे हवेचा वेग सेकंदाला पावणेचार मीटर पडतो. एन-९५ मास्कची चाचणी मिनिटाला ८५ लिटर हवेवर होते आणि मास्कचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे तिथे तोच वेग सेकंदाला नऊ-दहा सेंटिमीटर असतो. तेव्हा मास्कचे कापड कापून जाळीवर लावणारे लोक त्याच्याकडून चाळीसपट वेगाचे काम मागत असतात. करोनानंतर हा उद्योग मी इतक्या घरांत पाहिला आहे की हे मुद्दाम सांगावेसे वाटले. हेपाचे कागद घड्या घालून बनवतात ते याचसाठी; मूठभर जागेत अर्धा-एक चौरस मीटर कागद बसतो आणि प्रत्येक ठिकाणी हवा सावकाश जाते. आपल्या झाकणामागे तेवढी खोली असेल असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण गळतीची आहे. एच-१३ दर्जाचा हेपा ९९.९५ टक्के कण अडवतो, पण तो त्यातून जाणाऱ्या हवेतले. १९८८ सालच्या पत्र्याच्या अंगाला सांधे आहेत, चरकीची फट आहे, झाकणाची कड आहे. फिल्टरने अडवणूक केली की हवा या फटींतून बाहेर पडते आणि बारीक धूळ घेऊनच पडते. म्हणून दम्याच्या रुग्णासाठी हे यंत्र हेपा लावून सुरक्षित झाले, असे समजू नये. आईंना साफसफाईच्या वेळी आणि नंतर तासभर दुसऱ्या खोलीत बसवणे, खिडक्या उघड्या ठेवणे, हे अधिक खरे उपाय आहेत.

मोठा फरक पडतो तो पुढच्या बाजूला, पिशवीमध्ये. धूळ मोटरपर्यंत पोचण्याआधी अडवली की मोटरही वाचते आणि मागून येणारी हवाही स्वच्छ राहते. आपली पिशवी विणलेल्या कापडाची असेल, तर तिच्या जागी बसेल अशी बहुपदरी नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या कापडाची पिशवी शिवून घ्या. तिचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे ओढ फारशी घटत नाही. मोटरच्या अलीकडच्या रिकाम्या चौकटीत नॉन-वोव्हनचा एक पातळ तुकडा घाला. ती चौकट मोकळी ठेवून यंत्र चालवू नका; पिशवी फाटलीच, तर शेवटचा अडसर तोच आहे. मागे फक्त कार्बनची पूड अडवायची आहे, आणि त्यासाठी मोकळ्या छिद्रांचा, इंचाला ३० ते ४५ छिद्रांचा फिल्टर फोम पुरेसा आहे. मत्स्यालयाच्या दुकानात तो पत्र्यासारख्या तुकड्यांत मिळतो. सोफ्याचा फोम नको, त्यातून हवा जात नाही.

जुना फोम असा का होतो, तेही सांगतो. पॉलिएस्टर जातीचा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने रासायनिकदृष्ट्या तुटत जातो, वापरला नाही तरीही. माळ्यावरच्या पस्तीस पावसाळ्यांचा तो परिणाम आहे. विचारून घेता आला, तर पॉलिइथर जातीचा घ्या, तो दमट हवेत अधिक टिकतो.

एडिसनवासी

मी न्यू जर्सीत राहतो आणि मला जुन्या इलेक्ट्रोलक्सचा नाद आहे. नळकांड्यासारखे अंग घसरपट्ट्यांवर ओढत न्यायचे, ही रचना इलेक्ट्रोलक्सने १९२१ च्या मॉडेल फाइव्हपासून रुळवली. १९३७ चे ल्युरेल गिल्ड यांनी रेखाटलेले मॉडेल थर्टी माझ्याकडे आहे आणि ते आजही चालते. त्याची मोटर मी बदललेली नाही. बेअरिंग, कार्बन आणि वायर मात्र बदलली. इथे जुन्या यंत्रांसाठी नव्याने बनवलेल्या मोटरीही मिळतात, पण त्या १२० व्होल्टच्या असतात, म्हणून आपल्या उपयोगाच्या नाहीत.

कुणी अमेरिकेतून असे यंत्र भारतात नेणार असेल, तर एवढे लक्षात ठेवावे की युनिव्हर्सल मोटरला ५० किंवा ६० हर्ट्झचा फरक पडत नाही, पण व्होल्टचा पडतो. यंत्राच्या वॉटच्या निदान दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो यंत्रापेक्षा जड असतो. माझ्या भावाने नाशिकला एक नेले होते. आता त्यांच्या घरी ट्रान्सफॉर्मर वापरात आहे आणि यंत्र शोभेला आहे.

आपल्या प्रश्नातली एक गोष्ट अद्याप कुणी उचललेली नाही, ती म्हणजे झिणझिण्या. त्या पहिल्या दिवसापासून असल्या तरी त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. रेडिओतली खरखर टाळण्यासाठी स्विचपाशी कपॅसिटर लावलेले असतात, आणि त्यांतले काही विजेच्या तारेपासून पत्र्यापर्यंत जोडलेले असतात. यंत्राला टू-पिन प्लग असेल, किंवा भिंतीतल्या थ्री-पिनला खरे अर्थिंग नसेल, तर त्यांतून झिरपणारी वीज आपल्या हातातून जाते. शिवाय त्या काळचे कागदी कपॅसिटर वयाने तडकतात आणि धूर सोडून मरतात. आपल्याला आलेला जळका वास त्याचाही असू शकेल. दोन तारांमधल्याच्या जागी एक्स-२ आणि पत्र्याला जोडलेल्याच्या जागी वाय-२ या सुरक्षा-दर्जाचाच नवा कपॅसिटर घाला, मूल्य जुन्यावर छापलेले असते. त्याबरोबर तीन तारांची वायर घेऊन अर्थ पत्र्याला स्क्रूने घट्ट जोडा.

कोथरूडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या तीन आठवड्यांत जे झाले ते लिहितो.

मोटर मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेली. एक कार्बन सात मिलिमीटर उरला होता आणि दुसरा त्याच्या पितळी नळीत फोमच्या चिकट्याने अडकून बसला होता, म्हणजे तो कम्युटेटरला नीट टेकतच नव्हता. वासाचे कारण तिथे सापडले. कम्युटेटरवर खाच पडलेली होती, ती त्यांनी लेथवर हलका हात मारून काढली आणि पट्ट्यांमधला वीजरोधक अभ्रक खरवडून पुन्हा खोल केला. सगळ्या पट्ट्यांचे रोध सारखे आले. पंख्याकडचे बेअरिंग गेले होते. दोन्ही बदलली, आणि ती खरोखरच ६०८ निघाली. नेमक्या मापाचे कार्बन मिळाले नाहीत, म्हणून थोडे मोठे घेऊन काचपेपरवर घासून बसवले.

दुरुस्तीआधीची आणि नंतरची ओढ मोजून पाहावी अशी इच्छा होती, म्हणून जिन्यात चार मीटर पारदर्शक नळी यू आकारात टांगून तिच्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक यंत्राच्या तोंडाला लावले. दुरुस्तीआधी पाण्याच्या दोन पातळ्यांत १ मीटर १० सेंटिमीटरचे अंतर पडले होते, आता १ मीटर ७० पडते. तोंड असे बंद ठेवून यंत्र पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त चालवले नाही, भोसरीकरांचा इशारा लक्षात होता.

हेपाचा विचार सोडला. मागे मत्स्यालयाचा फोम आहे, पुढे चौकटीत नॉन-वोव्हनचा तुकडा आहे आणि नवी पिशवी शिंप्याकडे आहे. कपॅसिटर आणि वायर बदलल्यावर झिणझिण्या बंद झाल्या. वडिलांना मात्र आता यंत्र नीट चालू आहे की नाही याची शंका येते.

एक प्रश्न उरला आहे. नवे कार्बन बसून दोन तास झाले, तरी कम्युटेटरपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसतात. हे चालेल का?

सातपूरचा वाइंडर

कार्बनच्या कडेपाशी टाचणीच्या टोकाएवढ्या निळसर ठिणग्या चालतील, कार्बन पूर्ण बसल्यावर त्या आणखी कमी होतील. ठिणग्या पिवळ्या पडून कम्युटेटरभोवती कड्यासारख्या फिरू लागल्या, तर लगेच बंद करा. आणखी पाच-सहा तास चालल्यावर कार्बन काढून त्यांचा घासलेला तळ पाहा. तो पूर्ण रुंदीभर चकचकीत झालेला असला पाहिजे. अर्धाच चकाकत असेल, तर कार्बन नळीत तिरका बसला आहे. तो काढून पुन्हा त्याच दिशेने बसवण्यासाठी आत्ताच त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवा.